भाड्याच्या घराचे अंदाजपत्रक

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि गडचिरोलीला जिल्ह्याच्या ठिकाणाचा दर्जा मिळाला. बदलीवर येणारे कर्मचारी, शिक्षक आणि शिक्षणासाठी येणारी मुले यांना राहावयास खोल्या हव्या असतात. इकडे चंद्रपुरात कोळसा खाणी व औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे भाडेकरूंचा ओघ असतो. निवृत्तीनंतर दोन खोल्या भाड्याने देऊन घरखर्चाला आधार शोधणारी अनेक कुटुंबे या दोन्ही ठिकाणी आढळतात. मात्र हाती आलेले भाडे म्हणजेच उत्पन्न, हा समज त्यांना बहुधा पहिल्या पावसाळ्यातच सोडावा लागतो.

वनप्रदेशातील पाऊस भरपूर आणि जोरकस असतो. कवेलूंचे छप्पर मृगापूर्वी नीट करून घेतले नाही, तर पाणी भिंतीत मुरते. त्यात माकडांच्या उड्यांनी कवेलू फुटतात, ते वेगळेच. ओलसर लाकडाला वाळवी लागते आणि काही रुपयांच्या कवेलूंसाठी टाळलेला खर्च पुढे फाटे बदलण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून हे काम वैशाखातच उरकणे श्रेयस्कर. ज्येष्ठात गवंडी आणि मजूर शेतीच्या कामाला लागतात, मग पैसे असूनही माणूस मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, भाडे दरमहा ६,००० रुपये आहे. वर्षाचे ७२,००० होतात; पण भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले, तर उरतात ६६,०००. मालमत्ता कर व पाणीपट्टी ५,००० रुपये, छपराची डागडुजी ६,००० रुपये. रंगकामाला पाच वर्षांतून एकदा २०,००० लागत असतील, तर दरवर्षी ४,००० बाजूला ठेवावयास हवेत; विहिरीवरील १२,००० रुपयांचा पंप आठ वर्षे टिकेल असे धरले, तर त्याचे दरसाल १,५००. एकूण खर्च १६,५०० झाला. हाती ४९,५०० राहिले, म्हणजे महिन्याला ४,१२५ रुपये. घर चालवावयाचे ते याच आकड्यावर. रंगाचे आणि पंपाचे पैसे त्या वर्षी खर्च झाले नाहीत, म्हणून ते शिल्लक आहेत असे मानणे ही नेहमीची चूक होय. आयकराच्या हिशेबात घरभाड्याच्या उत्पन्नातून, मालकाने भरलेला स्थानिक कर वजा केल्यानंतर, ३० टक्के ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च कितीही होवो.

विजेचा हिशेब अधिक नाजूक आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त. तीन बिऱ्हाडे प्रत्येकी १०० युनिटे वापरीत असतील आणि मीटर एकच असेल, तर ३०० पैकी २०० युनिटे वरच्या दराने आकारली जातात. यात कोणीही उधळपट्टी केलेली नसते, तरी भांडण ठरलेले! चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, कूलर रात्रंदिवस चालतात आणि हा तंटा नेमका तेव्हाच पेटतो. स्वतंत्र मीटर घेतल्यास प्रत्येक जोडणीचा स्थिर आकार भरावा लागतो, तरीही अशा वापरात तेच सहसा स्वस्त पडते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो लागू असलेल्या क्षेत्रात, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. वरील उदाहरणात घर वर्षभर भाड्याने असेल, तर ही मर्यादा १८,००० रुपये येते. भाडे थकले म्हणून वीज वा पाणी तोडण्याचा अधिकार मात्र मालकाला नाही. करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. त्यात वीजबिल कोणी भरावयाचे, पंपाची दुरुस्ती कोणाकडे, कवेलू कोणी नीट करावयाचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे आणि घर ताब्यात देताना मीटरवरील आकडा दोघांच्या सहीने नोंदवावा.