ताटीपाशी बसावे

भाविक माळकरी हो, ताटीचे अभंग आपण प्रेमाने म्हणतो. पण त्यांतला प्रसंग ध्यानी घेतो का? आईबापांवाचून उरलेली, समाजाने वाळीत टाकलेली ती चार भावंडे. परंपरा सांगते, की लोकांच्या बोलाने मन दुखावले आणि ज्ञानोबारायांनी आत जाऊन ताटी लावून घेतली. धाकट्या मुक्ताईने ती मोडली नाही. ती दाराशी थांबली, मायेने बोलत राहिली.

आता आपल्याकडे पाहा. धरमतर खाडीकाठी, पेणच्या खारेपाटात बांधाला खांड पडली तर सारा गाव भरतीआधी धावतो. मग दहावीत नापास झालेले किंवा आई गमावलेले लेकरू जेवेना, झोपेना, कुणाशी बोलेना, तर “वयच तसले” म्हणून आपण का बसून राहावे?

आधी ऐकून घ्या, उपदेश मागाहून. भजनात टाळ हाती द्या, दिंडीत सोबत न्या. पण “तुझे नामस्मरण कमी पडते” असा दोष लावू नका. दुखऱ्या मनाला तो घाव होतो. “मला जगायचे नाही” असे बोलले, तर क्षणभरही एकटे सोडू नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते. औषधपाणी केल्याने निष्ठा उणी होत नाही.

पंढरीची वाट चालताना मागे राहिलेल्यासाठी आपण थांबतोच ना? तसेच घरातही थांबावे.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!