हप्ता लातूरचा, पैसा मुंबईचा

अगं, कराराच्या त्या कलमाची एवढी धास्ती घेऊ नकोस. ‘कंपनी हे कर्ज तिसऱ्या पक्षाकडे हस्तांतरित करू शकेल’ हे वाक्य फायनान्सच्या कागदात बारीक अक्षरांत असतंच, मग ट्रॅक्टर असो की मोटारसायकल. कर्ज दुसऱ्याकडे गेलं म्हणून तुझा व्याजदर वाढत नाही, हप्त्याची तारीख बदलत नाही, दारातला ट्रॅक्टर कुणी ओढून नेत नाही. पाहुण्यांनाही नीट समजावून सांग, उगाच झोप उडायला नको त्यांची.

समज, कंपनीने हजार शेतकऱ्यांना मिळून ५० कोटी दिले. ते फिटायला चार-पाच वर्षं लागणार, आणि नवं गिऱ्हाईक तर आजच दारात उभं आहे. मग ती हजार कर्जं एकत्र बांधून एका ट्रस्टला विकते. ट्रस्ट त्यावर प्रमाणपत्रं काढतो, त्यांना पीटीसी म्हणतात. ती बँका आणि म्युच्युअल फंड विकत घेतात. कंपनीच्या हाती पैसा लगेच येतो आणि पुन्हा कर्जाऊ जातो. वसुलीला मात्र तोच माणूस येतो, पावतीही त्याच कंपनीची मिळते. आपल्या देशात सिटीबँकेने १९९१ मध्ये गाड्यांची कर्जं अशी विकली, तेव्हापासूनची ही वाट आहे.

बँका हे का घेतात? त्यांना आपल्या कर्जातला ४० टक्के वाटा अग्रक्रम क्षेत्राला द्यावा लागतो आणि त्यात शेतीला १८ टक्के. मुंबईतल्या एखाद्या बँकेची तुमच्या औशात शाखा नसेल, पण तिथल्या ट्रॅक्टरचं कर्ज असं विकत घेतलं की ते तिच्या शेतीच्या खात्यात धरलं जातं. तुझ्या कर्जाला तिकडे मागणी आहे ती अशी.

आता मला खरी काळजी आहे ती तुझ्या शिल्लक पैशाची. सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला ठेवलेली रक्कम ‘ट्रॅक्टरच्या कर्जांची हमी असलेल्या’ कागदात घाल, बँकेपेक्षा जास्त व्याज मिळेल, असं तो एजंट म्हणतोय ना? बाई, आधी जोखीम कुणाच्या पदरात पडते ते बघ. आलेली वसुली कालव्याच्या पाण्यासारखी वाटली जाते. वरच्या हिश्शाला आधी, मग खालच्याला, आणि टेलला कंपनी स्वतः. पाणी कमी पडलं की टेलचं शेत आधी वाळतं. म्हणून वरच्या हिश्शाला पत चांगली मिळते आणि व्याज कमी. खालचा हिस्सा जास्त व्याज देतो, कारण बुडीत वरच्याच्या आधी त्याच्या अंगावर येतं. एजंटला एवढंच विचार, तुझा कागद कोणत्या हिश्शाचा?

कंपनीनेही बेफिकीर होऊ नये, याची सोय आहे. २००८ मध्ये अमेरिकेतली घरकर्जं बुडाली. कर्ज पुढे विकायचंच आहे, मग घेणारा फेडेल की नाही हे कशाला बघा, अशी वृत्ती तिथे बोकाळली होती. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दोन वर्षांपेक्षा लांब मुदतीचं कर्ज कंपनीने सहा महिने तरी स्वतःकडे ठेवायचं, त्यानंतरच विकायचं, आणि विकतानाही किमान १० टक्के वाटा स्वतःचा राखायचा. त्याच नियमांत अशा कागदाची कमीत कमी रक्कम एक कोटी ठरवलेली आहे. मग एजंट तुला लाख-दोन लाखांत विकायला निघालाय ते नेमकं काय, हे लेखी माग.

आणि कागद अगदी अस्सल निघाला तरी माझं मन तयार होत नाही. २०१६ चा एप्रिल आठव. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, आणि मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. तशा सालात हप्ता एकट्याचा थकत नाही. शेजाऱ्याचाही थकतो, आडत्याची उचलही अंगावर राहते. शहाणी कंपनी म्हणूनच मराठवाड्याबरोबर पंजाब, तेलंगणातली कर्जं बांधते, सगळीकडे एकदम पाऊस दगा देत नाही म्हणून. पण तुझं रान, तुझा हप्ता, तुझी पट्टी आधीच एका पावसावर टांगलेली आहेत. शिल्लकही शेतकऱ्यांच्या हप्त्यांवरच कशाला लावायची? ज्या साली तुला पैसा लागेल, त्याच साली तोही अडकेल. बँकेत मुदत ठेव कर. एका बँकेत व्याज धरून पाच लाखांपर्यंत विमा असतो. व्याज कमी येईल, येऊ दे.

हप्ता नेहमी खात्यातून भर. रोख दिलास तर पावती घेतल्याशिवाय माणसाला दारातून जाऊ देऊ नकोस. आणि शेवटचा हप्ता फिटला की कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घे, लातूरच्या आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवून घे. मधल्या काळात कर्ज कुणाच्याही नावावर फिरलं असलं तरी हे कागद तुला तुझ्या कंपनीकडूनच मागायचे आहेत.