आदल्या रात्री रिकामे केलेले खिसे

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १



आज सोळावा अध्याय सुरू करतोय. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण एकामागून एक सांगतात. दान आहे, सत्य आहे, दया, क्षमा सगळं आहे. पण यादीतला पहिला शब्द आहे 'अभय'. दुसरा 'सत्त्वसंशुद्धी', म्हणजे अंतःकरणाची स्वच्छता.

इंजिनिअरिंगच्या दिवसांपासून हा श्लोक वाचतोय आणि मला हा क्रम कायम उलटा वाटायचा. आधी मन स्वच्छ होईल, मग भीती जाईल, असं असायला हवं ना? भीती जाणं ही तर शेवटची पायरी. ती यादीत सगळ्यात वर कशी?

गेल्या जुलैत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात काढलेली रात्र आणि पहाटेची सिक्युरिटीची रांग, या दोन गोष्टींनी मला तो क्रम समजावला. म्हणून आज तेच लिहितोय.

एक दिवस आधी

बाबा जूनमध्ये गेले. नाशिकला रामकुंडात विसर्जन झालं, पण थोड्या अस्थी काशीसाठी ठेवल्या होत्या. काशी बघायची त्यांची फार इच्छा होती, ती राहून गेली. का राहिली, ते पुढे सांगतो.

वाराणसीचं विमान सकाळी ६.१० चं होतं. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणजे आमची खरी डेडलाइन ५.१० ची. पहाटेच्या लोकलच्या भरवशावर राहायचं नव्हतं. रात्री टॅक्सी मिळते, पण महिना जुलै. आपल्या पट्ट्यात कुणाला २७ जुलै २०१९ ची आठवण करून द्यावी लागत नाही. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

'अभय' या शब्दावर ज्ञानेश्वरीत माउली बोलतात, तेव्हा सुरुवात अगदी साध्या दाखल्यांनी करतात. त्यात पूर आहे आणि पथ्यही आहे. पुरात जो शिरलाच नाही, त्याला बुडायची धास्ती कसली? जो पथ्य सांभाळतो, तो आजाराच्या नावानं कशाला घाबरेल? म्हणजे अभयाची पहिली पायरी शूरपणाची नाही, वेळेत केलेल्या तयारीची आहे. मी आदल्या संध्याकाळसाठी मरोळमध्ये खोली बुक केली.

चारच्या लोकलला आई खिडकीशी बसली, मांडीवर पिशवी. अंबरनाथ गेलं. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बाबांनी ३५ वर्षं नोकरी केली. मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. तो तात्पुरता मुक्काम होता, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, तरी पत्त्यात अजून कॅम्प नंबर एक ते पाच आहेतच. बाबा प्रत्येक वेळी इथून जाताना म्हणायचे, "निघताना या लोकांनी काय उचललं असेल आणि काय ठेवलं असेल?" घाटकोपरला उतरून मेट्रो घेतली, मरोळ नाक्याला बाहेर आलो, तेव्हा पाऊस धो-धो कोसळत होता.

हॉटेलचा काउंटर

माझा प्लॅन पक्का होता. अस्थींची पिशवी माझ्या सॅकमध्ये ठेवायची आणि कुणाला काही बोलायचं नाही. तुम्हाला माहीतच आहे, बऱ्याच घरांत अस्थी छपराखाली आणत नाहीत. आमच्याही स्मशानभूमीतल्या कपाटातच होत्या. हॉटेलवाला नाही म्हणाला, तर भर पावसात आईला घेऊन कुठे जाणार?

मी दोघांची आधार कार्डं दिली. काउंटरवरच्या मुलानं सहज विचारलं, "फिरायला आलात?" मी म्हणालो, "नाही, पहाटेचं फ्लाइट आहे." खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

तेवढ्यात आई पुढे आली. "आमच्याबरोबर यांच्या अस्थी आहेत. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा बाळा, आम्ही दुसरीकडे बघतो."

मला इतका राग आला! मुलगा आत गेला आणि मॅनेजरना घेऊन आला. त्यांनी क्षणभर पिशवीकडे पाहिलं आणि तळमजल्यावरची, मागच्या बाजूची खोली दिली. स्वतः एक लहान स्टूल आणून ठेवलं. "पिशवी जमिनीवर नको," एवढंच म्हणाले.

खोलीत आल्यावर मी आईला म्हटलं, "अगं, नाही म्हणाले असते म्हणजे?"

"मग दुसरं हॉटेल. रात्रभर दार वाजलं की दचकायचं, त्यापेक्षा ते बरं."

पिशवीत काय, ट्रेमध्ये काय

जेवण झाल्यावर आम्ही सामान पुन्हा भरायला घेतलं. आईची पूजेची पिशवी उघडली तर काडेपेटी, कापूर, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, दोरा कापायला कात्री. ज्या अंबरनाथमध्ये विमकोच्या काडेपेट्या बनायच्या, तिथल्या बाईला काडेपेटी नेता येत नाही हे पटवणं सोपं नव्हतं. काडेपेटी आणि कापूर तर उघडच पेट घेणाऱ्या वस्तू. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, म्हणून त्यालाही मनाई. (२०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना केबिन बॅगेत नारळ नेण्याची खास सूट काही महिन्यांपुरती दिली होती, ती मुळात एरवी बंदी असते म्हणूनच.) हे सगळं आम्ही हॉटेलातच ठेवलं. काशीत सगळं मिळतं. कात्री चेक-इनच्या बॅगेत गेली. माझी पॉवर बँक उलट त्या बॅगेतून काढून सॅकमध्ये घेतली, कारण लिथियमची बॅटरी तापली तर ती माणसांच्या नजरेसमोर असलेली बरी.

अस्थींसाठी आईला बाबांचा तांब्याचा लोटा हवा होता. पण धातूतून एक्स-रे नीट पार जात नाही. पडद्यावर आत काय आहे ते दिसलं नाही, तर उघडायला सांगतील. म्हणून बदलापूरलाच लाकडी डबी घेतली होती, तिला आईनं पांढरं कापड बांधलं. विमान कंपनीला आधीच फोन करून विचारलं होतं. मृत्यूचा दाखला आणि अंत्यसंस्काराचा दाखला सोबत ठेवायला सांगितलं होतं. दोन्ही वरच्या कप्प्यात ठेवले.

सगळं भरून झाल्यावर आई म्हणाली, "हे रोज रात्री खिसे रिकामे करून झोपायचे. पास, रुमाल, सुटे पैसे, सगळं कपाटावर काढून ठेवायचे. सकाळी गेटवर झडती असायची ना. म्हणायचे, तिथे उभं राहून खिसे चाचपायचे नाहीत, आदल्या रात्रीच बघून ठेवायचं."

रात्रीचे दोन

झोप लागली नाही. साडेतीनचा गजर लावला होता, तरी दर अर्ध्या तासानं फोन बघत होतो. सामानात आता आक्षेप घेण्यासारखं काहीच नव्हतं, कागद होते, वेळ होता. मग भीती कशाची?

आई पण जागीच होती. दोनच्या सुमारास मी बोललो. तीन वर्षांपूर्वी मी तिघांची काशीची तिकिटं काढली होती आणि रद्द केली होती. बाबांना सांगितलं, ऑफिसनं रजा नाकारली. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी." खरं असं होतं की मी रजा मागितलीच नव्हती. मोठं रिलीज होतं. त्या आठवड्यात मी नसलो, तर काम दुसरा कुणी दाखवेल आणि माझी जागा जाईल, अशी भीती होती. रजा नाकारली हे सांगणं सोपं होतं. भीती वाटते हे सांगणं अवघड होतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर पाऊस चालूच होता. मग म्हणाली, "गजर साडेतीनचाच लावलायस ना?"

बस, एवढंच. माफ केलं असंही म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. पण त्यानंतर मला तासभर झोप लागली.

इथे मला श्लोकाचा क्रम दिसला. माझं मन मळलं, कारण मी आधी घाबरलो. खोटं नंतर आलं, भीती लपवायला. काउंटरवर तेच झालं असतं, भीतीनं पिशवी लपवली असती. आईला भीती नव्हती, म्हणून तिला लपवावं लागलं नाही. भगवंतांनी अभय पहिलं ठेवलं ते यासाठी, असं मला वाटतं. भीती राहू दिली तर बाकीचे २५ गुण तिच्या धाकात राहतात.

रांग

सव्वाचारला टर्मिनलच्या दारात होतो. सीआयएसएफच्या जवानानं तिकीट आणि ओळखपत्र पाहिलं. बॅग काउंटरवर दिली आणि सिक्युरिटीच्या रांगेत लागलो. लॅपटॉप, फोन, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये.

१९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं, आठवतंय ना? त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्यानं सीआयएसएफकडे आली. रांगेत आपण वैतागतो, "माझ्यावर संशय का?" पण माझ्याबरोबर बसणाऱ्या प्रत्येकाचीही झडती झालेली असते, म्हणून मी निर्धास्त बसतो. आणि माझी झाली म्हणून ते. झडती म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेलं अभय आहे.

या वेळी मी थांबलो नाही. पिशवी पट्ट्यावर ठेवायच्या आधीच सांगितलं, "सर, इसमें मेरे पिताजी की अस्थियाँ हैं. काग़ज़ साथ हैं." जवानानं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी दाखले वाचले. पिशवी एक्स-रेमधून गेली, मग बाहेरच्या कापडावरून एक पट्टी फिरवून ती यंत्रात तपासली. स्फोटकांचा अंश शोधायची ती नेहमीची तपासणी. डबी कुणी उघडायला सांगितली नाही. जवानानं पिशवी दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली.

आई बायकांच्या पडद्याआडच्या तपासणीतून बाहेर आली होती. तिनं हे सगळं पाहिलं. म्हणाली, "३५ वर्षं रोज झडती दिली यांनी. आज शेवटची."

मीठ आणि पाणी

काशीला गंगा चढलेली होती, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. गुरुजींनी वरच्याच पायरीवर विधी केला. डबी रिकामी झाली आणि पाण्यात वेगळं काही दिसेना.

माउली अभयाचं विवेचन पूर आणि पथ्य इथेच सोडत नाहीत. पुढे ते मिठाचा दाखला देतात. पाणी मिठाला बुडवायला येतं, तोवर मीठ स्वतःच पाणी झालेलं असतं. मग कोण कुणाला बुडवणार? 'दुसरा' उरला नाही की भीतीही उरत नाही. ते अद्वैताचं अभय. त्या पायरीवर मी नाही, खोटं कशाला बोलू. 'माझी जागा जाईल' ही भीती अजून दर अप्रेझलला येते. मी अजून पूर आणि पथ्याच्या पायरीवर आहे. पण सुरुवात तिथूनच करायची, हे माउलींनीच सांगितलंय.

आजचा अभ्यास

१. आज झोपण्यापूर्वी दोन मिनिटं बसा. एखादी गोष्ट तुम्ही कुणापासून लपवली असेल, तर 'मी खोटं का बोललो' असं विचारू नका. 'मी कशाला घाबरलो होतो' असं विचारा. उत्तर लवकर सापडतं.

२. ज्या माणसाला ते सांगायचं आहे, तो अजून आहे का बघा. असेल तर या आठवड्यात सांगा. मला बाबांना सांगता आलं नाही, आईला सांगावं लागलं.

३. आणि आई-बाबांच्या यात्रेची तिकिटं काढली असतील, तर रद्द करू नका. पावसाळा असेल तर एक दिवस आधी निघा. विमान मुंबईच्या टर्मिनल १ वरून आहे की २ वरून, ते तिकिटावर नीट बघा. काडेपेटी घरीच ठेवा.

उद्या दुसरा श्लोक: अहिंसा, सत्य आणि अक्रोध.

राम कृष्ण हरी.