वेरा कोमिसारझेव्स्काया : नटी आणि दिग्दर्शक

सेंट पीटर्सबर्ग येथे १८६४ मध्ये जन्मलेल्या वेरा कोमिसारझेव्स्काया हिला कलेचा वारसा घरातूनच लाभला होता. तिचे वडील फ्योदोर हे मारिइन्स्की नाट्यगृहातील नामांकित गायक. स्तानिस्लाव्स्कीनेही पुढे त्यांच्यापाशी गायनाचे शिक्षण घेतले. तथापि वेराने नाट्यव्यवसाय पत्करला तो बराच उशिरा. १८८३ मध्ये झालेला तिचा विवाह अल्पकाळातच मोडला. त्यानंतर काही वर्षांनी, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, म्हणजे १८९३ मध्ये, नोवोचेर्कास्क येथील नाटक मंडळीत ती दाखल झाली.

१८९६ मध्ये राजधानीतील अलेक्सांद्रिन्स्की या शासकीय नाट्यगृहात तिला स्थान मिळाले. त्याच वर्षी तेथे चेखोवच्या ‘सीगल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. विनोदी करमणुकीच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकांनी त्याची टर उडविली. रंगभूमीच्या ध्यासापायी सर्व काही सोसणाऱ्या नीनाची भूमिका वेराने केली होती. नाटक पडले, परंतु तिच्या अभिनयाविषयी चेखोवच्या मनात असलेला आदर कमी झाला नाही.

शासकीय नाट्यगृहात वेतन होते, प्रतिष्ठा होती. मनाजोगी नाटके मात्र नव्हती. १९०२ मध्ये तिने ती नोकरी सोडली, प्रांतोप्रांती दौरे करून पैसा उभा केला आणि १९०४ मध्ये राजधानीत स्वतःचे नाट्यगृह उघडले. तेथे गॉर्कीची नाटके झाली, इब्सेनची नोरा तिने रंगविली. क्रांतीच्या त्या दिवसांत घर सोडून निघणारी नोरा तरुण प्रेक्षकांना आपल्याच मनातले बोलणारी वाटली.

एवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. नव्या प्रतीकवादी नाटकांना नवी शैली हवी, या जाणिवेने तिने १९०६ मध्ये मेयरहोल्ड या तरुण दिग्दर्शकाला पाचारण केले. उथळ रंगमंच, संथ हालचाली, संयत उच्चार आणि चित्रासारखी स्थिर रचना ही त्याच्या प्रयोगांची वैशिष्ट्ये होत. मेटरलिंकच्या ‘सिस्टर बिआट्रिस’मध्ये ही पद्धत यशस्वी झाली, ‘हेडा गाब्लर’मध्ये मात्र वेराचा स्वाभाविक आवेग त्या चौकटीत कोंडल्यासारखा झाला. नटाच्या अंतःकरणातून फुलणारे नाट्य आणि दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आकारलेले नाट्य यांचा मेळ बसेना. नोव्हेंबर १९०७ मध्ये तिने पत्र लिहून मेयरहोल्डला दूर केले. या निर्णयावरून तिला नवतेची वैरीण ठरविणे अन्यायाचे होईल. कारण त्या नवतेला स्वतःचे नाट्यगृह आणि कष्टार्जित पैसा तिनेच उपलब्ध करून दिला होता.

पुढील काळ कठीण गेला. १९०८ मधील अमेरिकेच्या दौऱ्याने आर्थिक अडचण दूर झाली नाही. त्याच वर्षी वाइल्डच्या ‘सालोमे’वर बंदी आली. १९०९ मध्ये तिने रंगभूमी सोडण्याचा मनोदय सहकाऱ्यांना कळविला. नव्या माणसाची जडणघडण केल्यावाचून नवे नाट्य घडणार नाही, अशी तिची धारणा झाली होती व त्यासाठी नाट्यशाळा काढण्याचा तिचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. दौऱ्यावर असताना ताश्कंद येथे तिला देवी आल्या आणि फेब्रुवारी १९१० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती मरण पावली.

तिची व्यावसायिक कारकीर्द जेमतेम सतरा वर्षांची. परंतु नट आणि दिग्दर्शक यांच्या नात्याचा जो प्रश्न तिने स्वतःच्या कलाजीवनात अनुभवला, तो विसाव्या शतकातील रंगभूमीला वारंवार सोडवावा लागला.