हायवेवरची रात्र आणि क्रेनवाल्यांची तब्येत

खंबाटकीच्या घाटात रात्री एखादा ट्रेलर आडवा झाला, की मागे मैलभर वाहनांची रांग लागते. रांगेतला जो तो क्रेनची वाट पाहतो आणि ती आली, की ‘किती उशीर केलात’ म्हणून तिच्याच माणसांवर खेकसतो. त्या माणसांच्या प्रकृतीचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमचे गाव हायवेलगत असल्याने क्रेनचालक, हेल्पर, गाड्या टोचन करून नेणारे गॅरेजवाले माझ्याकडे नेहमी येतात. तक्रारी बहुधा पित्ताच्या, कंबरेच्या किंवा डोकेदुखीच्या असतात. खरा धोका मात्र ते सांगतात त्यात क्वचितच असतो.

झोपेचेच पाहा. “आम्हाला रात्रपाळी अशी नाहीच, डॉक्टरसाहेब. फोन आला की पाळी,” असे एका चालकाने मला सांगितले. दिवसभर गॅरेज, रात्री केबिनमध्ये आडवे व्हायचे आणि दोन वाजता फोन वाजला, की पाच मिनिटांत स्टिअरिंगवर! आपल्या शरीरातील घड्याळ रात्री दोन ते पाचच्या सुमारास सर्वांत मंद असते. त्या वेळी शरीराचे तापमान उतरलेले असते, लक्ष विचलित होते आणि हाताला उशीर होतो. त्यातच गाढ झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा मेंदू पुरता जागा व्हायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो. डोळे उघडे असतात, माणूस बोलतो, गिअरही टाकतो. परंतु निर्णयशक्ती अजून अंथरुणातच असते.

सतत जागे राहण्याचेही तसेच आहे. सतरा तास जागरण झालेल्या माणसाची कामगिरी रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर गॅरेज चालविलेला, थेंबही न घेतलेला माणूस रात्री अकराला त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखाच क्रेन चालवीत असतो. ‘थंडी मारायला’ वर थोडी घेणाऱ्यांविषयी मी वेगळे काय लिहू?

उपाय खर्चाचे नाहीत. क्रेनवर दोघे चालविणारे असतील, तर रात्रीची वाटणी करावी. मध्यरात्रीपर्यंत एकाने जागावे, पुढे दुसऱ्याने. ज्याची जागण्याची पाळी असेल त्यानेच गाडी काढावी. एकटा असाल तर उठून तोंड धुवावे, क्रेनभोवती बॅटरी घेऊन फेरी मारावी, हूक, चेन, टायर पाहावेत आणि मगच निघावे. ही दहा-पंधरा मिनिटे फुकट जात नाहीत. चहाचा परिणाम व्हायलाही वीस-तीस मिनिटे लागतात, तेव्हा तो निघण्यापूर्वीच घ्यावा. जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि जो दिवसा बसल्याजागी पेंगतो, त्याने मात्र चहावर भागवू नये. हा उपचार करण्याजोगा आजार आहे. त्याची तपासणी करून घ्यावी.

आता रस्त्यावरच्या उभे राहण्याविषयी. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद, म्हणजे ३०-४० मीटर गेलेलेच असतात. गाडी थांबणे त्यापुढचे. जवळ ठेवलेला त्रिकोण म्हणून कामाचा नाही. निदान शंभर मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्याही मागे तो ठेवावा. दगड व फांद्या टाकण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच पसंत नाही. काम झाल्यावर ते तिथेच राहतात आणि पहाटे एखादा दुचाकीवाला त्यांवर जातो. जाकिटाचेही एक सांगतो. त्याचा भडक रंग दिवसा उपयोगी, रात्री चमकतात त्या पांढऱ्या पट्ट्या. ग्रीसने काळ्या झालेल्या पट्ट्या घालणे आणि न घालणे सारखेच.

वायररोप ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तो तुटला, तर चाबकासारखा उलटतो आणि पाय मोडतो, जीवही घेतो. हेल्परला हे ठाऊक असते, बघ्यांना नसते. तेव्हा आधी बघे हटवावेत. सुटलेल्या तारा हातात घुसतात, म्हणून कातडी हातमोजे वापरावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

परंतु मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका टाचणीएवढ्या जखमेची. एक तरुण हेल्पर बोटाला चिकटपट्टी लावून आला. क्रेनच्या होज पाइपातून तेल कुठून गळते ते त्याने अंधारात हाताने चाचपले होते. बोटावर बारीक ठिपका होता, दुखणेही फारसे नव्हते. “मलम द्या, साहेब, परत जायचंय,” म्हणाला. क्रेनच्या हायड्रॉलिक तेलाचा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या शंभर पटीच्या आसपास असू शकतो. अशी सूक्ष्म चिळकांडी कातडी भेदून तेल थेट आत, शिरांच्या आवरणातून तळहातापर्यंत नेते. काही तासांनी हात सुजतो, ठणकतो आणि आतील मांस मरू लागते. मी त्याला मलम दिले नाही. त्याच संध्याकाळी साताऱ्याला शल्यचिकित्सकांकडे पाठविले. हात उघडून तेल धुऊन काढावे लागले. बोट वाचले. असे झाल्यास दाबून तेल काढू नये, शेकू नये, सकाळची वाट पाहू नये. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, हात कधीच नव्हे.

बॅटरीचे ॲसिड डोळ्यांत उडाले, तर आधी साधे स्वच्छ पाणी, निदान पंधरा-वीस मिनिटे, मगच दवाखाना. क्रेनमध्ये पाण्याचा कॅन त्यासाठी राखून ठेवावा.

घरच्यांसाठीही थोडे. रात्री दोन वाजता गेलेला माणूस सकाळी आठला परततो, तेव्हा त्याला पोटभर जेवू घालून बँकेत पाठवू नका. हलके काही खायला द्या, खिडकीला जाड चादर लावा आणि मोबाइल दुसऱ्याकडे द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जागरणाच्या दिवशी ते केव्हा घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उपाशीपोटी औषध घेऊन घाटात साखर उतरलेली मी पाहिली आहे. काही रात्री तो गप्प येईल, जेवणार नाही. चेपलेल्या केबिनमधून त्याने काय बाहेर काढले, ते लगेच विचारू नका. मात्र महिनाभर झोपेत ओरडून उठू लागला, दारू वाढली किंवा क्रेनवर जायलाच घाबरू लागला, तर त्याला दवाखान्यात आणा. त्यावर औषध आहे आणि त्याला वेड लागलेले नाही, हे आणतानाच त्याला सांगा.