उपसा योजना : आराखड्याआधी काय ठरवावे ?



नदीवरून पाणी उचलण्यासाठी दहा-बारा सभासद एकत्र आले, की पहिला प्रश्न निघतो तो मोटार किती हॉर्सपॉवरची घ्यायची याचा. पाईपवाल्याचे कोटेशनही लगेच येते. परंतु योजना नेमकी कशासाठी आणि ती चालवणार कोण, या दोन गोष्टी कागदावर आल्याखेरीज आराखडा करावयास बसू नये. आराखडा इंजिनिअर करून देतील, हेतू मात्र आपणच ठरवावयाचा असतो.

(१) हेतू आकड्यात मांडावा. ‘रानात पाणी आणणे’ एवढ्याने भागत नाही. ‘अमुक एकर उसाला उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी पाळी देणे’ असा हेतू लिहावा. हिशेब पाहा. सेकंदाला २८ लिटर देणारा पंप तासाला सुमारे १ लाख लिटर पाणी उपसतो. एका एकराला ८ सें.मी. ची पाळी म्हणजे सुमारे ३ लाख २० हजार लिटर, म्हणजेच सव्वातीन तास. वीज रोज आठ तास मिळाली तर दिवसाला अडीच एकर, दहा दिवसांत २५ एकर भिजते. पाटात मुरते ते वेगळेच. याच पंपावर ६० एकर धरले, तर पाळी २४ दिवसांनी येईल. मे महिन्यात तेवढ्यात उसाची वाढ खुंटते. ठिबक करणार असाल तर तेही आताच सांगा, कारण त्याने सगळा हिशेब बदलतो.

(२) क्षेत्र ठरवून कुलूप लावा. कोणाचा कोणता गट, किती एकर, याची यादी सह्यांनिशी करावी. ‘पाव्हण्याचं दोन एकर नंतर बघू’ असे चालणार नाही. नवीन क्षेत्र घ्यायचे तर कोणाच्या संमतीने, हेही लिहून ठेवावे. नदीतून पाणी उचलण्यास जलसंपदा विभागाची परवानगी लागते. तीही ठरलेल्या क्षेत्रासाठीच मागावी.

(३) कारभार कोणाकडे ? पंप कोण चालवणार, पाळीची वही कोण लिहिणार, लाईटबिल एकरावर की तासावर, मोटार जळाली तर दुरुस्तीचा पैसा कोठून, थकबाकीदाराचे पाणी बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे नावानिशी ठरवावे. पाळी शेवटच्या रानापासून सुरू करावी. वरच्याचे भिजल्यावर खालच्याला उरलेले, अशी पद्धत पडली की खालचा सभासद पैसे भरायचे थांबवतो आणि योजना तेथेच मोडते.

लक्षात ठेवा, पाणी आले नाही तरी कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर राहतो आणि हप्ता चुकत नाही. म्हणून दोन बैठका जास्त झाल्या तरी चालतील. तिन्ही मुद्द्यांवर सर्वांच्या सह्या झाल्यावर सातबारा उतारे व गट नकाशा घेऊन शेतकी गट ऑफिसात यावे. पुढचे मोजमाप तेथून सुरू करू.

— ऊस विकास अधिकारी