शब्दांचा कोश आणि मनाचे स्वातंत्र्य

भविष्यातील एखाद्या भयाण राज्याचे कल्पित चित्र रेखाटून वाचकांस वेळीच सावध करणे, हा कादंबरीचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ साली प्रसिद्ध झालेली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही त्यातील एक अत्यंत गाजलेली कृती होय. या इंग्रज लेखकाचा जन्म मात्र १९०३ साली आपल्याच देशात, बिहारमधील मोतिहारी येथे झाला.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी कचेरीत जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलण्याचे काम करतो. सत्ताधाऱ्यांचे आजचे म्हणणे कालच्या छापील मजकुराशी जुळावे, हाच त्यामागील हेतू. घरातील पडदा चित्रे दाखवितो आणि माणसावर पाळतही ठेवतो. अशा राज्यात विन्स्टनचे पहिले बंड कोणते? तो चोरून रोजनिशी लिहितो!

परंतु याहून भयंकर गोष्ट निराळीच आहे. तेथील विद्वान एक नवा शब्दकोश रचीत असतात आणि तो प्रत्येक आवृत्तीगणिक लहान होत जातो. ‘स्वातंत्र्य’ हा शब्दच ठाऊक नसेल, तर स्वातंत्र्य मागणार कोण? तोंड बंद केलेला मनुष्य मनात तरी बोलतो. शब्द हिरावलेल्याचे मनही हळूहळू मुके होते.

ही निव्वळ कल्पना आहे काय? आमची मातृभाषा कोकणी. म्हणून आम्हांस तसे म्हणवत नाही. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने एक फर्मान काढले. स्थानिक लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी व आपली बोली सोडून द्यावी, असा त्याचा आशय होता. पुढे विसाव्या शतकात, सालाझारच्या राजवटीत, वृत्तपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाई आणि परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. ती बंदी मोडण्यासाठी डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावात उभे राहिले आणि त्यांस अटक झाली. १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेवरील जंगलातून गुप्त नभोवाणी चालविली. ती कोकणीतूनही बोलत असे. जी भाषा फर्मानाने पुसावयाची होती, तीच मुक्तीची वार्ता सांगू लागली! १९९२ साली आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत कोकणीस स्थान मिळाले.

तथापि हानी झालीच नाही असे नव्हे. आमच्या घरची वडीलधारी मंडळी बोलत कोकणीत, पण पत्र लिहावयाचे झाले की मराठीत लिहीत. स्वतःच्या भाषेत लिहिण्याचा त्यांस संकोच वाटे.

या संकोचाची आठवण आम्हांस येथे बालाघाटात, आमच्याच वर्गात झाली. ‘माझी शाळा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. वह्या तपासताना आढळले की, बहुतेकांची वाक्ये सारखीच होती. एका वहीत मात्र चार ओळी गिरगटून खोडलेल्या होत्या. विचारले, तेव्हा तो मुलगा म्हणाला, “शाळेतलं काय आवडत नाही ते लिहिलं होतं. मग वाटलं, गुण कापले जातील. आणि दोन शब्द घरच्या पवारी बोलीतले होते.” त्यास कोणी मनाई केली नव्हती. पण मनाई नाही, असे आम्हीही कधी स्पष्ट सांगितले नव्हते. हा दोष आमचा. त्या ओळी आम्ही त्यास पुन्हा लिहावयास लावल्या. साऱ्या निबंधात तेवढ्याच ओळी जिवंत होत्या.

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांस भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु मनातील भीतीच जेथे पहारा करते, तेथे कायदा एकटा पुरा पडत नाही. म्हणून मित्रहो, रोज निदान चार ओळी आपल्या मनच्या लिहा. आठवेल तो शब्द घरचा असला तरी लाजू नका. आणि शेजाऱ्याच्या घरच्या शब्दास हसू नका. कोश लहान करण्याचे काम कित्येकदा अशा हसण्यापासूनच सुरू होते.